डिजिटल संग्रहात मजकूर आहे, पण शोधून सापडत नाही: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. 'त्या अंकात तो लेख आहे हे मला पक्कं माहीत आहे, अंक स्कॅन करून चढवलेलाही आहे, पण शोधपेटीत नाव टाकलं की शून्य निकाल.' कधी तक्रार नेमकी उलटी असते: काहीही टाका, हजारो निकाल. जुनी सार्वजनिक वाचनालयं, महाविद्यालयांची ग्रंथालयं, घराण्याची कागदपत्रं जपणारी मंडळी, सगळीकडे हेच ऐकू येतं. आणि उपायही ठरलेले सुचवले जातात: पुन्हा स्कॅन करून घ्या, नाहीतर नवीन सॉफ्टवेअर घ्या. दोन्ही महाग आहेत, आणि बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. दोष असतो तो पानाचं चित्र आणि शोधपेटी यांच्या मधल्या थरात, आणि तो कुठे आहे हे पैसे खर्च करण्याआधी ओळखता येतं.

आधी एवढं करून बघा

संग्रहातली एखादी पीडीएफ संगणकावर उघडा. शोधूनही न मिळणारा शब्द पानावर डोळ्यांनी गाठा, माउसने निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे काय उमटतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

शब्द निवडताच येत नसेल, तर पानामागे मजकूर नाहीच, नुसतं चित्र आहे. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, झालेलं नाही.

मराठी शब्दाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर दोन शक्यता आहेत, आणि त्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. एक, मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. दोन, कंत्राटदाराने ओसीआर केलं, पण भाषा इंग्रजीच ठेवली, म्हणून यंत्राने देवनागरी आकारांना जमतील तशी इंग्रजी अक्षरं लावली. ओळखायचं असं: एकच शब्द तीन-चार पानांवरून कॉपी करून बघा. जुना फॉन्ट असेल तर प्रत्येक वेळी अक्षरश: तीच खिचडी येईल. चुकीच्या भाषेचं ओसीआर असेल तर पानागणिक वेगळी येईल. पीडीएफच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी दिसते, तीही बघा. तिथे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्ही-टीटी योगेश असलं काही दिसलं तर प्रश्न सुटला. 'ग्लिफलेसफॉन्ट' दिसलं तर तो टेसरॅक्ट या ओसीआरने पानामागे ठेवलेला अदृश्य मजकूर आहे.

मराठीच उमटली, पण मोडकी, वेलांट्या भलत्या अक्षरांवर आणि जोडाक्षरं गळालेली, तर पीडीएफ बनवणाऱ्या मांडणीच्या सॉफ्टवेअरने अक्षरांचे आकार जपले आणि त्यामागचे संकेत, म्हणजे संगणक अक्षर ज्यावरून ओळखतो ते क्रमांक, हरवले.

आणि अगदी शुद्ध मराठी उमटली, तरी शोधात काही येत नसेल, तर पीडीएफ निर्दोष आहे. दोष शोधयंत्राच्या अनुक्रमणिकेत, म्हणजे कोणता शब्द कुठे आहे याची ते स्वतःसाठी करून ठेवतं त्या यादीत, आहे. सर्वांत जास्त वेळ या शेवटच्या प्रकारात वाया गेलेला मी पाहिला आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

पानामागे मजकूर नसेल तर

टेसरॅक्ट फुकट आहे आणि त्याच्यासाठी मराठीची वेगळी भाषाफाइल मिळते. ओसीआरमायपीडीएफ हे मोफत साधन त्याच्याच आधाराने तुमच्या आहे त्या पीडीएफमागे मजकुराचा थर बसवतं. पानाचं चित्र जसंच्या तसं राहतं. ३०० डीपीआयचं (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन पुरतं, बारीक टाइपाच्या वर्तमानपत्राला ४०० असेल तर उत्तम. भाषा 'मराठी' आणि लागली तर 'इंग्रजी', एवढ्याच ठेवा. संस्कृतचे श्लोक मध्येमध्ये येतात म्हणून तिसरी, हिंदी जाहिराती आहेत म्हणून चौथी भाषा जोडत गेलं की वेग कमी होतो आणि चुका वाढतात.

वर्तमानपत्रांत एक नेहमीचा घोटाळा होतो. रकाने ओळखले गेले नाहीत तर पहिल्या रकान्याची ओळ संपल्यावर यंत्र शेजारच्या रकान्याची ओळ वाचतं. सुटे शब्द सापडतात, पण 'सार्वजनिक सभा' असं दोन शब्दांचं नाव अवतरणचिन्हांत टाकलं की सापडत नाही. अशा वेळी ओसीआरच्या आधी पानाचे रकान्यांनुसार तुकडे करणं हाच खात्रीचा मार्ग आहे.

ओसीआर चुकणारच, आणि ते ठरावीक जागी चुकतं: भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, ष आणि प, 'ख' चा 'रव'. सगळा मजकूर हाताने तपासणं कोणत्याही वाचनालयाला परवडत नाही. शीर्षकं, लेखकांची नावं आणि अंकाच्या अनुक्रमणिकेचं पान, एवढं मात्र माणसाने तपासलंच पाहिजे. वाचक सर्वांत जास्त शोध याच गोष्टींचा घेतो.

शिळाछापाची पुस्तकं, हस्तलिखितं आणि मोडी कागद यांच्यासाठी ओसीआरच्या मागे लागू नका. तिथे प्रत्येक कागदाचं माणसाने लिहिलेलं दोन-तीन ओळींचं वर्णन, त्यात व्यक्तींची आणि गावांची नावं, कागदाचा प्रकार आणि तारीख, हे कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त कामाला येतं. मोडी वाचणाऱ्यांकडून लिप्यंतर करून घेतलं तर ते देवनागरीत ठेवा, कारण वाचक देवनागरीतच शोधणार. मोडी अक्षरंही जपायची असतील तर युनिकोडमध्ये २०१४ पासून मोडीची सोय आहे. फक्त माय-एसक्यूएल या माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला डेटाबेस 'यूटीएफ८-एमबी४' प्रकारचा आहे ना, ते बघा. तिथल्या जुन्या 'यूटीएफ८' प्रकारात प्रत्येक अक्षराला तीनच बाइट मिळतात, मोडीला चार लागतात.

जुन्या फॉन्टचा मजकूर

प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असतो, त्यामुळे 'कोणताही फॉन्ट बदलून मिळेल' म्हणणाऱ्या रूपांतरकावर विसंबू नका. आधी फॉन्टचं नेमकं नाव काढा, मग त्याचा रूपांतरक शोधा, आणि मिळाल्यावर पहिला शब्द तपासा तो 'आर्थिक'. या एका शब्दात दोन्ही अवघड गोष्टी आहेत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करणारा आधी आ, मग ऱ्हस्व वेलांटी, मग थ, मग रफार, मग क अशा डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने जातो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. रूपांतरकाने वेलांटी पुढे आणि रफार मागे नेला नाही तर शब्द पडद्यावर कदाचित जेमतेम बरा दिसेल, पण शोधात कधीच येणार नाही. 'आर्थिक' जमलं तर 'निर्मिती' आणि 'शक्तिशाली' बघा. तिन्ही बरोबर आले की मग हजार पानं चालवा.

मोडक्या मराठीच्या पीडीएफवर मात्र रूपांतरकाचा उपयोग नाही. मुद्रकाकडे मूळ फाइल असेल तर ती मागा. नसेल तर त्या पानांचं चित्र करून त्यावर नव्याने ओसीआर करणं सोपं पडतं. छपाई नवी आणि स्वच्छ असल्याने ते फार चांगलं होतं.

मजकूर बरोबर, तरी शोध लागत नाही

शोधयंत्र शब्द वाचत नाही, संकेत जुळवतं. आपल्याला एकच दिसणारा शब्द संगणकात दोन-तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो, आणि मग जुळणी फसते.

सर्वांत चांगलं उदाहरण 'वऱ्हाड'. हा शब्द व, ऱ, हलन्त, ह, आ-कार, ड असाही लिहिता येतो. आणि व, साधा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह, मग ह, आ-कार, ड असाही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. तुमच्या टंकलेखकाने एक वापरला आणि वाचकाच्या मोबाइलच्या कळफलकाने दुसरा दिला, की संग्रहातलं सगळं वऱ्हाड वाचकापुरतं गायब. कऱ्हाड, गोऱ्हे, दुसऱ्या, शेतकऱ्यांचा, या सगळ्यांचं तेच. 'युनिकोड नॉर्मलायझेशन केलं आहे', म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी केली आहेत, असं तंत्रज्ञ सांगतील. ते करायलाच हवं, पण ते इथे पुरत नाही. नॉर्मलायझेशन 'नुक्त्याचा र' (र आणि खालचं टिंब असे दोन संकेत) आणि 'ऱ' एक करतं; अदृश्य जोडचिन्हाच्या रूपाला ते हात लावत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

'ॲ' चंही असंच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा बराच मजकूर 'अ' वर चंद्र देऊन लिहिलेला आहे, आणि आजही काही कळफलक तसंच लिहितात. 'सद्‌गुरू', 'उद्‌घाटन' यांत द चा पाय मोडलेला दिसावा म्हणून काहीजण अदृश्य तोडचिन्ह घालतात, काही घालत नाहीत. आकड्यांचा प्रश्न सर्वांना ठाऊक असतो तरी राहून जातो: अंकावर देवनागरी १८८१, वाचक टाइप करतो ते इंग्रजी आकड्यांत.

आता यावर जुन्या लेखनाची भर घाला. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात नांव, गांव, पांच, कांहीं, नाहीं, करितां, घरांत असंच लेखन आहे. आजचा वाचक 'नाव' आणि 'गाव' शोधतो. शिवाय सम्बन्ध-संबंध, अन्त-अंत ही परसवर्णाची, म्हणजे अनुस्वाराऐवजी पुढच्या व्यंजनाच्या वर्गातलं अनुनासिक लिहिण्याची, रूपं आहेत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तर कुणालाच भरवसा देता येत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मूळ मजकूर 'शुद्ध' करायला बसू नका. १८८० च्या अंकात 'नाहीं' असेल तर संग्रहातही 'नाहीं' च राहायला हवं. तो त्या काळाचा पुरावा आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला नेमका तोच हवा असतो. त्याऐवजी प्रत्येक मजकुराचं एक दुसरं, वाचकाला कधीही न दिसणारं रूप तयार करा. मी त्याला शोधरूप म्हणते. वाचकाने टाइप केलेल्या शब्दाचंही त्याच नियमांनी शोधरूप करा आणि या दोघांची जुळणी लावा. पडद्यावर दाखवायचं ते मूळच.

शोधरूपाचे नियम असे ठेवा. अदृश्य जोड-तोडचिन्हं काढून टाका. ऱ चा र करा. ॲ ची दोन्ही रूपं एक करा. चंद्रबिंदूचा अनुस्वार करा. दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करा. शब्दाच्या अगदी शेवटचा अनुस्वार काढा, आणि शब्द '-ांत' ने संपत असेल तर त्यातलाही काढा, म्हणजे जुनं 'घरांत' आणि आजचं 'घरात' भेटतील. मधले सगळे अनुस्वार सरसकट उडवू नका. 'मांडी' शोधणाऱ्याला 'माडी' मिळायला लागते. नांव, गांव, पांच अशा शब्दांची छोटी यादी करून तेवढेच बदला. ङ्, ञ्, ण्, न्, म् यांच्यापुढे त्यांच्याच वर्गातलं व्यंजन आलं तरच अनुस्वार करा. म् पुढे प, फ, ब, भ आले तर करा, 'म्हणून' आणि 'नम्र' यांना धक्का लावू नका. देवनागरी आकडे इंग्रजी करा किंवा इंग्रजी देवनागरी, कोणतेही एक.

यातली बरीच कामं तयार मिळतात. डीस्पेस हे डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर सोलर या शोधयंत्रावर चालतं, आणि सोलर किंवा इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रांच्या पोटात असलेल्या ल्युसीन या शोधसंचात भारतीय लिप्यांसाठी आणि हिंदीसाठी असे दोन सामान्यीकरणाचे फिल्टर आहेत. हिंदीचा फिल्टर अदृश्य चिन्हं काढतो, ऱ चा र करतो, वेलांट्या-उकार ऱ्हस्व करतो, न् चा अनुस्वार करतो. तेवढा भाग मराठीला छान चालतो. बाकीच्या अनुनासिकांचे, ॲ चे आणि जुन्या अनुस्वारांचे नियम त्याच्या आधी स्वतः जोडा. हिंदीचा स्टेमर, म्हणजे प्रत्यय तोडणारा भाग, मात्र मराठीला कधीही लावू नका. तो हिंदीचे प्रत्यय तोडतो, आणि तुमचे अनेक चांगले शब्द अर्धवट करून ठेवतो.

ऱ्हस्व-दीर्घ एक करण्याचा एक मोठा फायदा सहज लक्षात येत नाही. मराठीत विभक्ती लागताना मधला दीर्घ ऱ्हस्व होतो: विहीर-विहिरीत, फूल-फुलांचा, गरीब-गरिबांना, तहसील-तहसिलीत. शोधरूपात हे सगळे 'विहिर', 'फुल', 'गरिब', 'तहसिल' ने सुरू होतात, आणि शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवणारा शोध चालू ठेवला की प्रत्यय लागलेली रूपं आपोआप येतात. सुटतात ती माणूस-माणसाला, कापूस-कापसाचा, पाऊस-पावसात अशी, जिथे उकार गळतो किंवा त्याचा व होतो. अशा शब्दांसाठी शोधयंत्राच्या समानार्थी शब्दांच्या फाइलमध्ये जोड्या भरून ठेवा. शेती, हवामान, दुष्काळ यांवरचा संग्रह असेल तर कापूस आणि पाऊस या दोन जोड्यांनीच केवढा फरक पडतो ते दिसेल.

शोधरूपाने थोडे फाजील निकाल येतील. 'दीन' शोधणाऱ्याला 'दिन' ही येईल. म्हणून मूळ मजकुराचीही अनुक्रमणिका ठेवा आणि जे तंतोतंत जुळतं त्याला वरचं स्थान द्या. काहीच न सापडण्यापेक्षा चार निकाल जास्त येणं वाचकाला चालतं.

'गड' सापडत नाही, 'किल्ला' सापडतो

हे स्वतंत्र लिहितेय कारण याने माणसं हैराण होतात. ओमेकासारखी डिजिटल संग्रहाची अनेक साधनं माय-एसक्यूएलच्या पूर्णपाठ शोधावर, म्हणजे सगळ्या मजकुरातले शब्द शोधण्याच्या सोयीवर, चालतात, आणि तिथे किती अक्षरांपेक्षा छोटे शब्द अनुक्रमणिकेत घ्यायचे नाहीत याची मर्यादा असते. इनोडीबी प्रकारच्या तक्त्यात ती मुळात ३ असते, जुन्या मायआयसॅममध्ये ४. इंग्रजीत त्याने फारसं बिघडत नाही. मराठीत गड, मठ, वन, घर, रस, जग हे सगळे दोन अक्षरी शब्द अनुक्रमणिकेत शिरतच नाहीत. मर्यादा २ करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा, आणि त्यानंतर पूर्णपाठ अनुक्रमणिका नव्याने बांधा. हा तिसरा टप्पा विसरला की 'बदल करूनही फरक नाही' असं वाटतं. भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर ही मर्यादा बदलू देत नाहीत. तिथे एनग्रॅम पार्सर, म्हणजे अख्ख्या शब्दांऐवजी ठरावीक अक्षरांचे तुकडे अनुक्रमणिकेत घेणारा भाग, वापरता येतो का ते विचारा.

आणि ते उलटं लक्षण, 'किल्ला' टाकलं की अख्खा संग्रह समोर. याचं कारण शब्द तोडण्यात आहे. काही प्रणाली काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर मानत नाहीत, विरामचिन्हासारखं समजून तिथेच शब्द तोडतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रांत, 'शब्दातलं अक्षर' या संकेतात मात्रा येत नाहीत, त्यामुळे 'किल्ला' चे क, ल, ल असे तीन तुकडे होतात आणि क किंवा ल असलेलं प्रत्येक पान जुळतं. तंत्रज्ञाला सांगा की शब्दविभाजन आयसीयू या युनिकोडचे नियम पाळणाऱ्या साधनसंचाकडून करून घ्या, किंवा मात्रांचा वर्ग त्या संकेतात जोडा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ग्रंथालयांनी त्यातल्या झेब्रा या शोधयंत्राच्या अनुक्रमणिकेला आयसीयूचा पर्याय लावलेला आहे ना, हे आधी बघावं.

शोधायचं नाही, नुसतं चाळायचं असेल तेव्हा

नेमकं काय हवं हे ठाऊक असलेला वाचक शोधपेटी वापरतो. बाकीचे, आणि तेच जास्त असतात, यादीत बोट फिरवत जातात. त्या यादीचा क्रम संकेतांच्या अंकांनुसार लावलेला असेल तर घोळ होतो. 'ॲ' ने सुरू होणारी नावं 'ह' च्याही पलीकडे, अगदी तळाशी जातात. ळ हा ल च्या मागोमाग येतो. ज्ञानोदय आणि ज्ञानप्रकाश ही नियतकालिकं 'जौ' च्या नंतर, ज च्या शेवटी जातात, आणि वर्णमाला म्हणत मोठा झालेला वाचक ती यादीच्या अखेरीला, क्ष नंतर शोधत राहतो. क्रम मराठी वर्णमालेचा लावा, आणि क्ष-ज्ञ साठी अक्षरपट्टीवर वेगळी बटणं द्या.

नावांसाठी प्रत्येक व्यक्तीची एकच मूळ नोंद ठेवा आणि बाकीची सगळी रूपं तिच्याखाली लिहा. जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा, ज्योतिबा, महात्मा फुले, म. फुले: हे सात वेगळे लेखक म्हणून यादीत दिसणं हा वाचकावर अन्याय आहे. राम गणेश गडकरी शोधणाऱ्याला गोविंदाग्रज या नावाने छापलेल्या कविताही मिळाल्या पाहिजेत. गावांचंही तसंच करा. धाराशिव टाकलं तर उस्मानाबादचे कागद यायला हवेत, आणि उलटही. कागदावरचं नाव मात्र आहे तसं ठेवा.

तारखांत शके आणि इसवी दोन्ही रकाने भरा. शके वरून इसवी काढताना सरसकट ७८ मिळवतात आणि जानेवारी ते फाल्गुन या महिन्यांत एक वर्षाने मागे पडतात. तेवढ्या काळाला ७९ मिळवावे लागतात. 'दर्पण' चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, म्हणजे शके १७५३. ७८ मिळवले की तो १८३१ मध्ये जाऊन बसतो, आणि वर्षवार चाळणाऱ्याला पहिलं मराठी वृत्तपत्र चुकीच्या खणात मिळतं.

सगळ्यांसाठी म्हणजे कोणासाठी

अनेक वाचकांकडे संगणकावर मराठी कळफलक नसतो. अमेरिकेत किंवा इंदूर-बडोद्याकडे वाढलेली तरुण मुलं आजोबांचं लेखन शोधताना नाव रोमनमध्येच टाइप करतात. प्रत्येक शीर्षकाचं आणि लेखकाचं रोमन रूप नोंदीत असू द्या, एकाहून जास्त स्पेलिंगांसह. याच्या अभावी काय होतं ते इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर दिसतं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची असंख्य मराठी पुस्तकं तिथे आहेत, पण शीर्षकं मोडक्यातोडक्या रोमनमध्ये. तिथे शोधताना देवनागरीवर अडून राहू नका. दीर्घ स्वर दुहेरी आणि एकेरी, व साठी दोन्ही इंग्रजी अक्षरं, शेवटचा 'अ' धरून आणि सोडून, अशा फेऱ्या मारा, आणि मजकुरात शोधण्याचा वेगळा पर्यायही निवडून बघा.

दृष्टिहीन वाचक स्क्रीनरीडरने वाचतात. नुसतं चित्र असलेली पीडीएफ त्यांच्यासाठी कोरी असते, आणि जुन्या फॉन्टची पीडीएफ रोमन अक्षरांची बडबड करते. म्हणजे वरचे ओसीआरचे आणि रूपांतराचे उपाय शोधासाठी केले तरी तेच काम त्यांच्याही उपयोगी येतं. याखेरीज पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदलेली हवी. ती हिंदी ठेवली तर हिंदी आवाज मराठी वाचायला लागतो, इंग्रजी ठेवली तर काही आवाज देवनागरी गाळूनच पुढे जातात. शोधपेटी, गाळण्या, 'पुढचं पान' हे सगळं माउसशिवाय, टॅब कळीने गाठता येतं का, हे एकदा स्वतः करून बघा.

गावाकडचा वाचक मोबाइलवर असतो आणि डेटा मोजून वापरतो. वर्षभराच्या अंकांची एकच अवजड पीडीएफ देऊ नका. शोधाचा निकाल थेट त्या पानावर उघडायला हवा आणि फक्त तेवढंच पान उतरायला हवं. प्रत्येक अंकाला, जमलं तर प्रत्येक पानाला, कायमचा पत्ता द्या, म्हणजे विद्यार्थी तो प्रबंधात देऊ शकतो आणि पुढची पाच वर्षं तो मोडत नाही.

दुरुस्तीनंतर

तपासणीच्या शब्दांची एक यादी ग्रंथपालाच्या टेबलावर असू द्या: वऱ्हाड दोन्ही प्रकारे, ॲ दोन्ही प्रकारे, गड, आर्थिक, विहीर, कापसाचा, नाव, सम्बन्ध, इंग्रजी आकड्यांत एखादं वर्ष, एक नाव रोमनमध्ये. प्रत्येकासमोर तो कोणत्या पानावर सापडला पाहिजे ते लिहा. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, सर्व्हर हलवला, नवी खेप चढवली, की ही यादी पुन्हा चालवा. आवृत्ती बदलताना शोधाच्या सेटिंग मूळपदावर जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि 'मागच्या वर्षी सुरळीत होतं' या तक्रारीचं कारण बहुधा तेच निघतं.

शून्य निकाल आलेले शोध प्रणालीला नोंदवून ठेवायला सांगा, शोधणाऱ्याची ओळख न ठेवता, फक्त शब्द. महिन्यातून एकदा ग्रंथपालाने ती यादी दाखल रजिस्टर शेजारी ठेवून वाचावी. काही शब्द संग्रहात खरंच नसतील. बाकीच्यांपैकी जो शब्द पानावर आहे आणि तरी शून्यात गेला, त्याची जोडी समानार्थी शब्दांच्या फाइलमध्ये त्याच दिवशी भरा आणि अनुक्रमणिका पुन्हा बांधायला लावा.